पगाराचा रकाना



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी तालुक्याच्या गावी जन्मभर एक साप्ताहिक चालवलं. त्यांचे अग्रलेख गाजले असतीलच, पण गावात लोक आजही आठवण काढतात ती त्यांच्या शनिवारच्या पगाराची. कागद उधारीवर आला तरी हरकत नाही, खिळे जुळवणाऱ्याचा पगार शनिवारी हातात पडलाच पाहिजे, हा त्यांचा दंडक. संयोजकांनी फोनवर हे सांगितलं आणि माझा विषय तिथेच ठरला. मी ज्या क्षेत्रात काम करते तिथे पगाराचा हाच प्रश्न गेली चाळीस वर्षं लोंबकळत पडला आहे.

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींची स्वतःची रेडिओ केंद्रं आहेत, व्हिडिओ संस्था आहेत, दूरचित्रवाणीही आहे. आदिवासी म्हणताना मला तिथले ॲबोरिजिनल लोक आणि टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरचे लोक, असे दोन्ही समाज अभिप्रेत आहेत. 2021 च्या जनगणनेत त्यांची नोंद झाली सुमारे 8 लाख 12 हजार, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या 3.2 टक्के. माझ्या कामाला तिकडे ‘इंडस्ट्री डेव्हलपमेंट’ म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी काम कारकुनी आहे, आणि मला ते मनापासून महत्त्वाचं वाटतं. कार्यक्रम मी करत नाही, ते करणारे समर्थ आहेत. त्यांच्या नेमणुकीचा करार, प्रसारण परवान्याचं नूतनीकरण, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, बिघडलेल्या ट्रान्समीटरचा सुटा भाग, चित्रफितीवरचा हक्क कोणाचा याचा कागद आणि पुढच्या वर्षीच्या अनुदानाचा अर्ज, हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. या कागदांवरूनच मी आज बोलणार आहे.

सुरुवात 1980 पासून करू. ॲलिस स्प्रिंग्स हे वाळवंटाच्या मध्यावरचं गाव. तिथे फ्रीडा ग्लिन, जॉन मॅकुम्बा आणि फिलिप बॅटी यांनी ‘सेंट्रल ऑस्ट्रेलियन ॲबोरिजिनल मीडिया असोसिएशन’ स्थापन केली. आद्याक्षरं जुळवून सगळे तिला ‘कामा’ म्हणतात. स्वतःचा परवाना नव्हता तेव्हा ही मंडळी दुसऱ्यांच्या केंद्रांवर वेळ मिळवून बोलत आणि कॅसेट भरून वस्त्यांवर पाठवत. 1985 मध्ये त्यांचं स्वतःचं केंद्र सुरू झालं.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाचा स्वतःचा पहिला दळणवळण उपग्रह ‘ऑसॅट’ अवकाशात गेला. तोवर आतल्या भागातल्या वस्त्यांवर दूरचित्रवाणी पोचत नव्हती. आता ती एकदम पोचणार होती, आणि तीही इंग्रजीतून, शहरांतून, अमेरिकी मालिकांसकट. वडीलधाऱ्यांच्या पोटात गोळा आला. मुलं दिवसभर परक्या भाषेत बुडाली तर आपली भाषा कोण बोलणार, ही भीती त्यांनी सरकारी समित्यांपुढे स्पष्ट शब्दांत मांडली होती. एरिक विल्मट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या कार्यगटाचा ‘आउट ऑफ द सायलेंट लँड’ हा अहवाल 1984 मध्ये आला होता. वस्त्यांना उपग्रहाचा कार्यक्रम मध्येच थांबवून आपला कार्यक्रम लावता आला पाहिजे, ही त्यातली कळीची शिफारस.

दोन वस्त्या सरकारची वाट बघत बसल्या नाहीत. ॲलिस स्प्रिंग्सच्या वायव्येला सुमारे 290 किलोमीटरवर, तनामी वाळवंटाच्या कडेला, युएन्डुमू ही वार्लपिरी लोकांची वस्ती आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला पिट्जान्ट्जाट्जारा लोकांची एर्नाबेला आहे. 1985 च्या एप्रिलच्या पहिल्या दोन दिवसांत दोन्हीकडे गावकऱ्यांनी घरगुती व्हिडिओ यंत्रं आणि छोटे ट्रान्समीटर जोडून आपली दूरचित्रवाणी सुरू केली. परवाना नव्हता. एर्नाबेलात गावच्या दुकानातल्या थंड पेयांच्या विक्रीतून पैसा उभा राहिला होता. शाळेतले खेळ, समारंभ, म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या कथा आणि गावच्या सूचना, असा कार्यक्रम. लोकांना काय हवं होतं याचं उत्तर त्या एका आठवड्यात मिळालं होतं. सरकारने त्या उत्तरातलं यंत्र तेवढं उचललं.

1987 मध्ये ‘ब्रॅक्स’ नावाची योजना आली. दूरच्या वस्त्यांना उपग्रहाची थाळी, छोटे ट्रान्समीटर आणि एक कपाट मिळालं. कपाटात व्हीसीआर, कॅसेट प्लेअर, मायक्रोफोन आणि बटणांची एक पट्टी. बटण दाबलं की राष्ट्रीय वाहिनी बंद आणि गाव सुरू. कल्पना उत्तम होती. पुढे सुमारे 80 वस्त्यांमध्ये हे कपाट बसलं.

मी काम सुरू केलं तोवर ती यंत्रं कालबाह्य झाली होती, पण काही ठिकाणी कपाट मात्र जागेवर होतं. एका वस्तीवरची अशी खोली माझ्या डोळ्यांसमोर आहे. पत्र्याची, पश्चिमेला दार असलेली, उन्हाळ्यात दुपारी दोननंतर आत उभं राहवत नाही अशी. व्हीसीआरच्या तोंडावर लाल मातीचा थर, बोटाने पुसला तर खाली पुन्हा मातीच. बटणांच्या पट्टीवर कुणीतरी पांढऱ्या चिकटपट्टीने आपल्या भाषेत खुणा लिहिलेल्या. भिंतीवर मुलांनी काढलेलं वेळापत्रक: सकाळी शाळेची मुलं, दुपारी फुटबॉल, संध्याकाळी आजीबाईंच्या गोष्टी. म्हणजे इथे कुणीतरी मन लावून काम केलं होतं. त्या माणसाचं काय झालं, असं मी विचारलं. तो रस्त्याच्या कामावर गेला, तिथे पैसे मिळतात, असं उत्तर आलं.

मूळ योजनेत कपाटाची किंमत होती. ते चालवणाऱ्याच्या पगाराची, प्रशिक्षणाची, दुरुस्तीची तरतूद जवळपास नव्हतीच. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पुनरुज्जीवनाची वेगळी योजना आणावी लागली ती यामुळेच. वस्त्यांनी मग सीडीईपी या रोजगार योजनेचा आधार घेतला. 1977 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत बेकार भत्त्याएवढा पैसा वस्तीकडे एकत्र यायचा आणि त्यातून लोकांना अर्धवेळ काम दिलं जायचं. रेडिओवर रोज सकाळी गावाला उठवणारा निवेदक सरकारदरबारी पत्रकार म्हणून नोंदलेलाच नव्हता. तो भत्ता घेणारा होता. वर्षानुवर्षं काम करूनही त्याला बढती नाही, निवृत्तिवेतनाचा पुरेसा हिशोब नाही, अनुभवाचा दाखला नाही. 2007 नंतर ही योजना टप्प्याटप्प्याने गुंडाळली गेली. काही माध्यमांच्या जागांना सरकारने खरा पगार मंजूर केला, बाकीच्या जागा गेल्या. माध्यमाच्या विकासात कोणत्या घटनेने सर्वांत जास्त फरक पडला असं मला कुणी विचारलं, तर मी उपग्रहाचं नाव घेणार नाही. भत्त्याचा पगार झाला, हे नाव घेईन.

आता जरा थांबून एका चित्रफितीकडे बारकाईने बघू, कारण पगार कोणाला द्यायचा हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

ऐंशीच्या दशकात एरिक मायकल्स हे अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ युएन्डुमूला राहिले. दूरचित्रवाणी आली की आदिवासींचं काय होईल, याचा अभ्यास करायला त्यांना नेमलं होतं. वार्लपिरी लोकच दूरचित्रवाणीचं काय करतात, हे त्यांनी लिहून ठेवलं. 1986 च्या त्यांच्या अहवालाचं नावच मुळी आदिवासींनी दूरचित्रवाणीचा शोध लावला असं सांगणारं आहे. फ्रान्सिस जुपुरुर्ला केली या तरुण वार्लपिरी माणसाबरोबर त्यांनी काम केलं. केली यांनी चित्रित केलेल्या एका फितीत 1928 च्या कॉनिस्टन हत्याकांडाची हकीकत आहे. एका गोऱ्या शिकाऱ्याचा खून झाल्यावर पोलिसांच्या तुकडीने आठवड्यांमागून आठवडे वस्त्या उद्ध्वस्त केल्या. सरकारी चौकशीने 31 मृत्यू मान्य केले. आदिवासींच्या आठवणीतला आकडा त्याहून कितीतरी मोठा आहे.

फितीत एक वृद्ध माणूस घटनास्थळी उभा राहून बोलतो. मध्येच कॅमेरा त्याच्यावरून सरकतो आणि डोंगररांगेवरून, झाडांवरून सावकाश फिरत राहतो. शहरी प्रेक्षकाला ही मोकळी जमीन दिसते, छायाचित्रणातला सैलपणा वाटतो. कॅमेरा मात्र एक विशिष्ट वाट चालत असतो. पूर्वज कुठून आले, माणसं कुठून पळाली, कोण कुठे लपलं, त्या जागा तो एकेक करून टिपतो. आणखी एक गोष्ट पडद्यावर दिसत नाही. वृद्ध एकटा बोलतो, पण त्या दिवशी कॅमेऱ्याच्या मागे दोन डझनांहून अधिक माणसं उभी होती. ती बघे नव्हती. वार्लपिरी रिवाजात एखाद्या जागेची आणि तिच्या कथेची मालकी वडिलांकडून येते, आणि राखणदारी आईकडून. मालकाने सांगायचं आणि राखणदाराने ते नीट सांगितलं जातंय ना हे बघायचं. दोन्ही बाजू हजर नसतील तर कथा पुरी होत नाही, तिला साक्ष राहत नाही. कॅमेरा कोणी धरायचा हेही त्या नात्यांवरच ठरतं. जुपुरुर्ला हा केली यांच्या नावाचा नुसता तुकडा नाही. आठ गटांच्या नातेव्यवस्थेत त्या माणसाची जागा कुठे आहे, कोण त्याचा मामा, कोणाशी त्याने थेट बोलायचं नाही, हे त्यातून कळतं.

आता ही निर्मिती अनुदानाच्या अर्जात भरून बघा. दिग्दर्शक: एक. छायाचित्रकार: एक. ध्वनी: एक. साहाय्यक: असल्यास. राखणदारांसाठी रकाना नाही. दोन डझन माणसांना दोनशे किलोमीटरवरून आणण्याचं इंधन, त्यांचं जेवण, त्यांच्या दिवसाचा मोबदला कशाखाली घालायचा? अर्ज तपासणारा अधिकारी भला माणूस असतो, पण ‘सामाजिक खर्च’ म्हणून तो आकडा कापतो, आणि त्या कापण्यासरशी चित्रपट वार्लपिरी उरत नाही. माझ्या क्षेत्रातली सर्वांत मोलाची लढाई या रकान्याची आहे असं मी मानते. सांस्कृतिक सल्लागार या नावाने का होईना, आज बऱ्याच अर्जांत त्यांना जागा मिळते, दर मिळतो. ती कुणी मेहेरबानीने दिलेली नाही. वस्त्यांवरच्या माध्यमसंस्थांनी एकत्र येऊन 2001 मध्ये आपली शिखर संस्था स्थापन केली. पुढे ती देशभरच्या आदिवासी माध्यमांची झाली, आणि अशा बारीकसारीक गोष्टींसाठी ती वर्षानुवर्षं मंत्रालयांचे जिने चढत राहिली.

केली युएन्डुमूतच राहून काम करत राहिले, आणि 2012 मध्ये डेव्हिड बॅटी यांच्याबरोबर त्यांनी कॉनिस्टनवर पूर्ण लांबीचा माहितीपट केला. मधल्या काळात ‘बुश मेकॅनिक्स’ ही मालिका झाली. मोडक्या मोटारी माळावर हाताला येईल त्या वस्तूने चालू करणाऱ्या वार्लपिरी तरुणांची ही मालिका 2001 मध्ये राष्ट्रीय वाहिनीवर आली आणि देशभर गाजली. पुढे केली सेंट्रल लँड कौन्सिलचे अध्यक्षही झाले. एक माणूस एका गावात तीस वर्षं माध्यमात टिकला तर काय होतं, हे यात दिसतं. तरुणपणी जी कथा घरगुती कॅमेऱ्याने टिपली, तीच प्रौढपणी संपूर्ण साधनांनिशी सांगता आली.

आता दुसरी बाजू. ‘कामा’त शिकलेली मुलं पुढे कुठल्या कुठे गेली. फ्रीडा ग्लिन यांचे चिरंजीव वॉरविक थॉर्नटन तिथेच शिकाऊ म्हणून लागले. त्यांच्या ‘सॅमसन अँड डेलायला’ला 2009 मध्ये कान महोत्सवात पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा ‘कामेरा दोर’ मिळाला. रेचल पर्किन्स यांची सुरुवातही तिथलीच. छोट्या गावातल्या एका सामुदायिक संस्थेने राष्ट्रीय चित्रपटाला एवढी माणसं द्यावीत, याचा अभिमान त्या गावाने बाळगावाच. पण अनुदान देणाऱ्यांच्या अहवालात यशाची व्याख्या हळूहळू तेवढीच होत गेली: किती जण बाहेर पडले, किती जण सिडनीला पोचले. जो गेला तो यशस्वी. रोज सकाळी लुरिट्जात किंवा पिट्जान्ट्जाट्जारात दवाखान्याची गाडी कधी येणार हे सांगणारी बाई त्या रकान्यात शून्य. मला हे मान्य नाही. दोन्ही वाटांना पैसा हवा, आणि राहणाऱ्याच्या वाटेला तो आधी हवा.

या दोन वाटांची टक्कर 2007 मध्ये उघड झाली. राष्ट्रीय आदिवासी दूरचित्रवाणीची मागणी जुनी होती. सरकारने चार वर्षांसाठी 4 कोटी 85 लाख डॉलर दिले आणि ‘एनआयटीव्ही’ सुरू झाली. आनंदाचीच गोष्ट होती. पण तिला उपग्रहावर जागा मिळाली ती इम्पार्जा या दूरचित्रवाणी कंपनीच्या दुसऱ्या वाहिनीवर. तिथे त्याआधी काही वर्षं ‘आयसीटीव्ही’ म्हणजे वस्त्यांची सामुदायिक दूरचित्रवाणी चालत होती. वस्त्यांवरून येणाऱ्या फिती, बहुतेक आपापल्या भाषांत, काही तास-दीड तासाच्या, संकलन जेमतेम, पण शेकडो किलोमीटरवरचे नातलग एकमेकांना त्यात बघत. ती त्या दिवशी बंद पडली. राष्ट्रीय वाहिनीला ठरलेल्या दर्जाचं, ठरलेल्या लांबीचं, बहुतांश इंग्रजी जाणणाऱ्या प्रेक्षकाला कळेल असं साहित्य हवं होतं, आणि तिच्या दृष्टीने ते योग्यही होतं. वस्तीवरच्या प्रेक्षकाला मात्र पडद्यावरून आपल्या आत्याचा चेहरा गेला एवढंच कळलं. वस्त्यांच्या संस्थांनी हार मानली नाही. 2009 मध्ये दुसऱ्या एका उपग्रह वाहिनीवर शनिवार-रविवारची जागा मिळवली, इंटरनेटवर साहित्य ठेवायला सुरुवात केली, आणि पुढे आयसीटीव्हीला पूर्णवेळ वाहिनी मिळाली. एनआयटीव्ही 2012 च्या डिसेंबरात देशभर मोफत दिसू लागली. आज दोन्ही आहेत, आणि दोन्ही असायलाच हव्यात. ‘उद्योग’ हा शब्द ‘समुदाय’ या शब्दाच्या छातीवर बसतो कधी, हे मी त्या प्रसंगावरून ओळखायला शिकले.

मृत्यूविषयी बोलायला हवं, कारण माझ्या कामात तो करारात लिहावा लागतो. अनेक वस्त्यांत माणूस गेला की त्याचं नाव उच्चारत नाहीत, चित्र दाखवत नाहीत, आवाज ऐकवत नाहीत. कुटुंब सांगेल तेव्हा हे बंधन उठतं, कधी काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी. शोकाच्या दिवसांत गाव बंद असतं, कामावर कुणी येत नाही. अनुदानाचा करार म्हणतो, आठवड्याला इतके तास स्थानिक प्रसारण झालंच पाहिजे. ज्यांना हे ठाऊक नसतं ते या बंद आठवड्यांना गैरहजेरी म्हणतात. म्हणून करारात शोककाळाचं कलम घालून घ्यावं लागतं. रेडिओच्या गाण्यांच्या यादीत प्रत्येक गाण्यापुढे गायक हयात आहे का आणि कुटुंबाची परवानगी आहे का, अशी खूण ठेवावी लागते. पहाटे एकटा बसलेला विशीतला निवेदक चुकून एखादं गाणं लावतो आणि सबंध गावाला दुखावतो, असं होऊ नये यासाठी ही खूण.

फितींचंही तेच. ऐंशीच्या दशकापासूनच्या हजारो तासांच्या चुंबकीय फिती वस्त्यांवरच्या लोखंडी कपाटांत आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयाने 2015 मध्येच इशारा दिला होता की 2025 पर्यंत डिजिटल न झालेल्या फिती बहुधा कायमच्या जातील. फिती झिजतात, त्याहून लवकर त्या वाजवणारी यंत्रं नाहीशी होतात. जगातल्या शेवटच्या व्हीसीआर उत्पादकाने 2016 मध्ये उत्पादन थांबवलं. त्यावर राजधानीतल्या थंड तळघरात सगळं हलवा, असा सोपा उपाय सुचवला जातो. पण कोणती फीत फक्त पुरुषांनी बघायची, कोणती फक्त बायकांनी, कोणावर अजून शोकाचं बंधन आहे, हे राजधानीतल्या ग्रंथपालाला कसं कळणार? दक्षिणेकडच्या अनंगू लोकांनी 1994 मध्ये ‘आरा इरिटिट्जा’ नावाचा संग्रह सुरू केला. त्याची संगणकप्रणाली या बंधनांनुसारच बांधली आहे. वस्तीवरची म्हातारी बाई पडद्यासमोर बसते, फोटोतल्या माणसांची नावं सांगते, जे झाकायचं ते झाकायला लावते. तिच्या त्या बसण्याला तासाचा दर असावा, यासाठी आम्ही भांडतो.

या सगळ्याशी आपला संबंध काय, असं इथे कुणाच्या मनात आलं असेल. 2007 च्या सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांनी आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याचं सोळावं कलम म्हणतं की आपल्या भाषेत आपली माध्यमं स्थापन करण्याचा हक्क आदिवासींना आहे. ऑस्ट्रेलियाने त्या दिवशी विरोधात मत दिलं आणि 2009 मध्ये भूमिका बदलून पाठिंबा दिला. भारताने पहिल्याच दिवशी बाजूने मत दिलं. पण ज्या ऑस्ट्रेलियाने विरोध केला होता, तिथल्या वस्तीच्या रेडिओला आपली बातमी आपण सांगायला कुणी हरकत घेत नाही. आपल्याकडे 2006 मध्ये सामुदायिक रेडिओचं धोरण खुलं झालं. स्वयंसेवी संस्थांना परवाने मिळू लागले, त्यातून चांगली केंद्रं उभी राहिली, महाराष्ट्रातही राहिली. मात्र त्यांना बातमी करण्याची मुभा नाही. आकाशवाणीची बातमी जशीच्या तशी लावता येते, एवढीच सवलत. शेजारच्या छत्तीसगडमध्ये शुभ्रांशु चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये ‘सीजीनेट स्वर’ सुरू केलं. मिस्ड कॉल द्यायचा, उलट फोन आला की गोंडीत किंवा हिंदीत आपली बातमी सांगायची, दुसऱ्यांची ऐकायची. रेशन दुकान बंद, मजुरी थकली, हातपंप मोडला, अशा बातम्या. रेडिओला जी वाट बंद होती ती त्यांनी टेलिफोनवरून काढली.

गडचिरोलीतल्या मेंढा लेखा गावाला 2009 मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. आज तिथली ग्रामसभा बांबूचा सौदा स्वतः करते. आपल्या ग्रामसभेचा निर्णय गोंडीत बातमी म्हणून वाचणारं, त्यावर वाद घालणारं, आणि तो वाचणाऱ्या मुलीला महिन्याच्या महिन्याला पगार देणारं केंद्र अशा गावाला उभारायचं असेल, तर आजच्या नियमांत ते बसत नाही. नियम बदलायला पाहिजे, आणि त्यासाठी इथल्या पत्रकार संघांनी, विद्यापीठांतल्या पत्रकारिता विभागांनी आणि आदिवासी संघटनांनी एका अर्जावर सह्या करायला पाहिजेत. त्या अर्जाचा मसुदा मी सोबत आणला आहे. व्याख्यान संपल्यावर तो बाहेरच्या टेबलावर ठेवलेला असेल.